एका परातीतले दोन पैलवान

आधीच सांगून टाकतो, मी मूळचा पेढेवाला. साताऱ्यात वडिलांच्या मागं दुकान मी चालवलं, आता मुलगा चालवतो, आणि मी दारातल्या खुर्चीवर बसून तो कढईत उलथनं नीट फिरवतोय की नाही ते बघत असतो. त्याला ते आवडत नाही. पण या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून पेढ्यांवर लेख नको होता. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की या म्हाताऱ्यानं एकेकाळी सांगलीत देशोदेशीच्या पैलवानांना जेवू घातलंय, तेवढं लिहून घ्या. म्हणजे जन्मभर खवा भाजला त्याचं कुणाला काही नाही, आणि एका हिवाळ्यात परक्या गावी चूल फुंकली त्याचं मात्र कौतुक. असो. बोलावणं आलं की जावं, एवढं मला कळतं.

तरी पेढ्याबद्दल चार ओळी लिहिणारच, संपादकांनी वाटल्यास कापाव्यात. साताऱ्याचा कंदी पेढा म्हणजे नुसता खवा आणि साखर नव्हे. म्हशीचं दूध आटवून खवा होतो, तिथं बाकीचे हलवाई हात धुतात. आम्ही तिथून कामाला लागतो. तो खवा पुन्हा कढईत घालून मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजायचा, मग बेताची साखर आणि वेलदोडा. भाजलेला असतो म्हणून टिकतो, प्रवासाला चालतो. आमच्याकडची पोरं पलटणीत जाताना डबे भरून न्यायची. पण भाजताना क्षणभर दुसरीकडं बघितलं की खवा लागलाच म्हणून समजा, सबंध कढई वाया. त्यामुळं कामाच्या वेळी कुणी बोललेलं मला खपत नाही. मी तापट आहे असं गावात बोलतात, त्याचं मूळ त्या कढईत आहे.

दुकानाच्या मागच्या बाजूला तालीम होती. तिथल्या पोरांची थंडाई मी करायचो. थंडाई म्हणजे लोकांना वाटतं भांग. छे! पैलवानाची थंडाई म्हणजे रात्री भिजवलेले बदाम सोलून, खसखस, बडीशेप, मिरी यांच्याबरोबर पाट्यावर लोण्यासारखे वाटायचे, फडक्यातून गाळायचे आणि दुधात कालवून द्यायचे. तालमीत जोर मारून आलेल्या पोराला तो लोटा पिताना बघणं हे फार मोठं सुख आहे. माझ्या बायकोचं म्हणणं, स्वतःच्या पोरांना दूध पाजताना मी असा कधी बघत बसलो नाही. तेही खरं असेल.

त्या पोरांत एक होता आटपाडीकडचा धोंडीराम. कोरडवाहू मुलखातलं पोर, आलं तेव्हा नुसत्या हाडांना कातडं लावल्यासारखं. वस्तादांनी त्याला आखाड्यात घडवला आणि मी लोट्यावर. मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि हा पलटणीत भरती होऊन समुद्रापार बसऱ्याकडं गेला. परत आला तो दारातून आत वाकून यायला लागला. दुकानात येऊन माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "नाना, तितं समदं मिळालं, थंडाई न्हाई मिळाली." मी लगेच बदाम भिजत घातले.

लढाई नुकतीच संपली होती, स्वराज्य अजून यायचं होतं. सांगलीच्या व्यापाऱ्यांच्या मनात आलं की कृष्णाकाठी एक मैदान असं भरवावं, की मुलखात बोलणं राहील. लाहोरचा एक कुस्त्यांचा ठेकेदार होता, सगळे त्याला खानसाहेब म्हणत. तो पंजाबचे, इराणचे आणि एकदोन गोरे पैलवान घेऊन गावोगाव फिरत असे. तो यायला कबूल झाला, पण त्याची अट होती की पैलवानांचा खुराक जाणणारा माणूस स्वयंपाकघरात पाहिजे. मैदानाच्या कमिटीचे पुढारी होते तात्या, हळदीचे मोठे व्यापारी. त्यांनी साताऱ्याला माणूस पाठवला. मी आढेवेढे घेतले, पण तेवढेच, माणूस परत जाणार नाही इतपत. कारण मोठी जोड ठरली होती इराणचा कासिम आणि आमचा धोंडीराम यांची. ती कुस्ती बघायला मी चालत गेलो असतो.

पाहुणे पैलवान सांगलीत पोचायच्या आधी त्यांची बातमी पोचली. त्यांची गाडी लोणंदला इंजिनासाठी खोळंबली, तेव्हा ही मंडळी खाली उतरली आणि स्टेशनावरच्या भजीवाल्याची सगळी भजी, मग त्याचं उरलेलं पीठ तळून, मग त्याच्या घरच्या भाकरी खाऊन परत गाडीत बसली. भजीवाला म्हणे गाडी हलल्यावर रुमाल हलवत होता.

तात्यांनी हळदीचं एक गोदाम रिकामं करून दिलं होतं. अर्ध्यात पैलवान, अर्ध्यात माझ्या चुली. झाडून घेतलं, धुतलं, तरी भिंतीतून हळद झिरपायची. पंजाबी पैलवानांचे पांढरे कुडते पिवळे झाले आणि गावात बातमी पसरली की पाहुण्यांना हळद लागली, आता लग्नं लावूनच पाठवतात. माझ्या हाताखाली भाकरीला गंगूबाई होती. तिच्या भाकरीला तव्यावर टाकली की टम्म फुगण्याशिवाय दुसरं काही माहीत नव्हतं, आणि तिच्या तोंडाला गप्प बसणं माहीत नव्हतं.

पैलवान तऱ्हेतऱ्हेचे. एकजण प्रत्येक गोष्टीवर तूप मागायचा, एकदा केळ्यावर मागितलं. एका गोऱ्या पैलवानाला मी सांगलीचं भडंग दिलं. भडंग म्हणजे चिरमुऱ्यांना तेल, लसूण, तिखट, शेंगदाणे लावून केलेला खमंग चिवडा. त्यानं ते वाडग्यात ओतलं, वर गरम दूध आणि साखर घातली, आणि चमच्यानं खायला लागला. साखर तेव्हा रेशनवर, माझा जीव वर-खाली झाला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो आणखी मागत होता.

पण जेवणारा पाहावा तर कासिम. वयानं पंचविशीचा, मान बैलासारखी आणि हसणं लहान पोराचं. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण घास तोंडात घातला की माझ्याकडं बघून छातीवर हात ठेवायचा. कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत त्यानं भाकरीवर घेऊन खाल्लं, आणि मग उठून गंगूबाईच्या चुलीजवळ गेला आणि तिलाही वाकून नमस्कार केला. "ह्यो मानूस लेकाचा आपलाच हाय," असं म्हणून ती त्याला भाकरी थापायची ती तळहाताएवढी जाड. मडक्यातलं दही तर तो असं खायचा की आईची आठवण काढतोय असं वाटावं. हलवायाच्या धंद्यात गिऱ्हाईक पुष्कळ मिळतं, खाणारा क्वचित मिळतो. धोंडीरामचा प्रतिस्पर्धी असला तरी मला तो आवडला, हे मी तेव्हाही लपवलं नाही.

आता चूक कुठं झाली ते सांगतो. चूक कुणा एकाची नाही, सबंध गावाची, आणि ती फक्त आपल्याच लोकांकडून होऊ शकते. दुपारच्या वेळी पैलवान रिकामे असत. एके दिवशी कुणी भला माणूस टांगा घेऊन आला आणि कासिमला घरी घेऊन गेला, पाहुण्याला आमच्याकडचा खरवस खाऊ घालायचा म्हणून. हे कळल्यावर शेजारचं घर कसं मागं राहील? त्यांनी हुरडा भाजला. मग पेठेतल्यांनी बोलावलं, मग घाटाजवळच्यांनी. शेवटी तात्या स्वतः त्याला नदीपलीकडं त्यांच्या गुऱ्हाळावर घेऊन गेले. आपल्यात वाढणाऱ्यानं आग्रह करायचा आणि खाणाऱ्यानं नको नको म्हणायचं, मग दोघं मध्ये कुठंतरी थांबतात. पण कासिमच्या मुलखात यजमानानं पुढं केलेलं नाकारणं म्हणजे त्याचा अपमान. त्यामुळं इकडून आग्रह थांबेना आणि तिकडून नकार येईना. घुंगरासारखा हुरडा, म्हशीच्या पहिल्या चिकाचा खरवस, लोट्यावर लोटे उसाचा रस, वर गरम काकवी. आणि हे सगळं पोटात घेऊन हा माणूस संध्याकाळी माझ्याकडं येऊन पुन्हा जेवायला बसायचा. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आपला खूश, पोराला माझ्या हातची चव लागली म्हणून.

गुऱ्हाळावरून आला त्या संध्याकाळी त्याचं पोट बिघडलं, आणि असं बिघडलं की दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठायची ताकद राहिली नाही. वैद्य आले, पुडी दिली, पथ्य सांगितलं. कुस्ती आठ-दहा दिवसांवर आलेली.

खानसाहेब चुलीपाशी आला. उंच, दाढीवाला, अदबीनं बोलणारा माणूस. त्यानं प्रत्येक पातेल्यावरचं झाकण काढून बघितलं आणि विचारलं, "महाराज, खाने में क्या डाला?" मला वाटलं कौतुकानं विचारतोय, मी मसाला सांगायला लागलो. तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं की धोंडीराम कोणत्या तालमीचा आणि त्या तालमीत थंडाई कोण देतं हे त्याला आज बाजारात कळलंय. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

बाहेरच्या वाचकांना हे समजायचं नाही म्हणून सांगतो. पैलवानाचं सगळं भांडवल म्हणजे त्याचं शरीर, आणि कुस्तीच्या आधी त्याला विष घालून नाही तरी जुलाबाचं काही घालून पाडायचे प्रकार पूर्वी झालेले आहेत. म्हणून पैलवान परक्या हातचं खात नाही. ज्याच्या हातचं खातो तो माणूस त्याला बापासारखा. आणि ज्या आचाऱ्याचं नाव एकदा अशा गोष्टीत आलं, त्याच्या हातचं पुन्हा कुणी पाणीसुद्धा पीत नाही. पेढे तर लांबच. माझं दुकान, वडिलांचं नाव, सगळं त्या पातेल्यात होतं.

मी तात्यांकडं गेलो. ते सज्जन माणूस, माझ्याबरोबर आले आणि खानसाहेबासमोर हात जोडून म्हणाले की रस आम्ही पाजला, काकवी आम्ही दिली, या माणसाचा दोष नाही. खानसाहेबानं ऐकून घेतलं. मग म्हणाला की तुम्ही सगळे एका गावचे, एकमेकांसाठी असंच बोलणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. कासिमनं माझ्या हातचं खाणं सोडलं. पाणी स्वतः विहिरीतून शेंदून प्यायचा. खायचा ती सालीतली केळी आणि टरफलातल्या शेंगा, स्वतःच्या हातानं सोलून. बिघडलेल्या पोटावर शेंगा! मी लांबून बघायचो आणि माझे हात नुसते वळवळायचे. त्याला मऊ भात, ताक पाहिजे होतं, आणि ते मी करून झाकून ठेवायचो, आणि संध्याकाळी म्हशीला घालायचो.

बाजारात गेलो तर त्याहून वाईट. एक माणूस, ओळख ना पाळख, जवळ आला, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि हळूच म्हणाला, "लय झ्याक केलंसा." मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी हातातली पिशवी तिथंच टाकून परत आलो. खानसाहेबाचा संशय मला सोसला असता, ही शाबासकी सोसली नाही. गंगूबाईसमोर मी रडलो. ती पहिल्यांदाच काही बोलली नाही, नुसती परात घासत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडीराम आला, तो आणि वस्ताद गावातल्याच एका तालमीत उतरले होते. त्या काळी जोडीतले दोन पैलवान कुस्तीच्या आधी एकमेकांच्या तोंडासमोर येत नसत, तसा रिवाजच होता. मी त्याला दारातच अडवलं. म्हटलं, वस्तादांना कळलं तर तंगडं मोडतील तुझं.

त्यानं विचारलं, "नाना, आज काय केलंय?"

मी म्हटलं, "मुगाची पातळ खिचडी आणि दही. कुणासाठी ते विचारू नकोस. कुणी शिवत नाही त्याला."

"मोठ्या परातीत काढा. दोगांच्या पुरतं."

मला राग आला. म्हटलं, तुला चेष्टा सुचतेय का. तेव्हा तो उंबऱ्यावर बसला आणि त्यानं मला जे सांगितलं ते मी जन्मभर विसरलो नाही. लढाईत त्यांच्या पलटणीच्या लॉऱ्या इराणातून जात होत्या. एके ठिकाणी त्यांची लॉरी मोडली आणि हे चौघं-पाच जण एका खेड्यात अडकले, थंडीत, पोटात काही नाही. परके शिपाई, हातात बंदुका, सगळ्या घरांनी दारं लावून घेतली. एका म्हातारीनं उघडलं. तिनं रोटी आणून दिली, पण यांना भीती, काही घातलं तर नसेल. कुणी हात लावेना. ते त्या म्हातारीला कळलं. तिनं रोटीचा एक तुकडा मोडला, यांच्यासमोर स्वतः खाल्ला, आणि मग उरलेली यांच्या हातात दिली.

"तिला तरी काय गरज हुती, नाना?" धोंडीराम म्हणाला. "दार लावून बसली असती तर कोन काय म्हननार हुतं? आता तिच्या मुलखातला मानूस आपल्या दारात उपाशी पडलाय."

मी परात काढली. खिचडी ओतली, मध्ये दही घातलं. धोंडीरामनं ती स्वतः उचलली, आत गेला आणि कासिमच्या खाटेसमोर जमिनीवर बसला. खानसाहेब ताडकन उठला. धोंडीरामनं परातीच्या या कडेचा एक घास घेतला, त्या कडेचा एक घेतला, मधला दह्याचा घेतला. मग परात थोडी पुढं सरकवली आणि पलटणीत शिकलेला तिकडचा शब्द म्हणाला, "बफर्मा." म्हणजे घ्या, जेवा. कासिम त्याच्याकडं बघत राहिला. आधी त्याला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तो खाली उतरून बसला. दोघांनी परात पुसून खाल्ली. मी दाराच्या आड उभा राहून बघत होतो, आणि गंगूबाई माझ्या मागं उभी राहून पदर तोंडात घालून रडत होती.

हे सोपं नव्हतं हं. मराठ्याचं पोर आणि मुसलमान एका परातीत, तो काळ आठवून बघा. सांगलीत तोंडातोंडी झाली. साताऱ्याहून आलेले वस्ताद तर पेटलेच. पण खरी अडचण त्याहून वेगळी होती आणि ती मला पहिल्या दिवशी सुचलीच नाही. धोंडीराम नंतर दर जेवणाला येऊ लागला. आणि परातीत काय? आजाऱ्याचं जेवण. ताकभात, भाताची पेज, दुधात कुस्करलेली भाकरी. कुस्तीच्या आधीचे हे दिवस म्हणजे पैलवानानं मटण, तूप, बदाम पोटभर खायचे दिवस. मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तू इथं दोन घास खाऊन जा, तुझी थंडाई मी तालमीत पाठवतो, कुणाला कळणार नाही.

त्यानं मान हलवली. "त्येच्या परातीत जे हाय त्येच मी खानार. मागनं बदाम खाल्लं तर हितं खाल्लेला घास खोटा व्हईल."

मी पुष्कळ बोललो. चिडलो, शिव्या घातल्या, तुझा बाप एवढ्या लांबून कुस्ती बघायला येणार आहे त्याची तरी लाज बाळग म्हणालो. तो नुसता हसला. ज्या पोराला मी बदाम वाटून वाटून उभा केला, त्याला आता मीच माझ्या हातानं पेज वाढत होतो. दर घासाला माझ्या जिवाचं पाणी व्हायचं. आणि तरीही, खरं सांगतो, इतका अभिमान मला कुणाचा वाटलेला नाही, पोटच्या पोरांचासुद्धा नाही.

कासिमचं पोट हळूहळू ताळ्यावर आलं. मग कोंबडीचं पातळ पाणी, मग बिनतिखटाचा रस्सा. खानसाहेबानं माफी मागितली नाही, पण एका दुपारी येऊन परातीशेजारी बसला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "महाराज, चटणी है?" मी शेंगदाण्याची चटणी वाढली. त्यातच आमचं मिटलं. वस्तादांचं मात्र मिटलं नाही. ते माझ्याशी बोलेनासे झाले.

कुस्तीच्या दिवशी कृष्णाकाठ माणसांनी काळा झाला होता. चारी बाजूंनी गाड्या आल्या होत्या, लोक झाडांवर बसले होते. आखाड्यातली तांबडी माती ताक, तेल, लिंबू आणि हळद घालून मऊ केलेली. हलगी वाजत होती. कासिम आणि धोंडीराम आत उतरले तेव्हा लोकांनी जो आवाज केला तो मी पुन्हा ऐकला नाही. मी आखाड्याजवळ उभा होतो, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मी कुणाच्या बाजूनं होतो ते माझं मलाच कळत नव्हतं.

चांगली लढली पोरं. कासिमनं खाली वाकून पायांचा पट काढायला बघितला, धोंडीराम सुटला. धोंडीरामनं ढाक लावली, कासिम हातभर उचलला गेला आणि मांजरासारखा पायांवर उतरला. लोक वेडे झाले. पण माझं लक्ष धोंडीरामच्या मांड्यांकडं होतं. माझ्याइतक्या त्या कुणी पाहिलेल्या नव्हत्या. त्या थरथरायला लागल्या. कासिमही दमला होता, पण दोघांत हाड त्याचं जड. तो धोंडीरामच्या पाठीमागं गेला, कंबर धरली, आणि धोंडीराम पालथा पडला तो परत उठायला लागला तेवढ्यात कासिमनं त्याला उलटा केला. पाठ मातीला लागली. हलगी थांबली.

लोक झाडांवरून खाली उतरायला लागले. मग कुणीतरी ओरडलं की पैलवानाला पेज पाजून मारला. झालं. ज्या बाजारानं परवा मला शाबासकी दिली होती, तोच बाजार माझ्यावर उलटला. मी गोदामात येऊन दार लावायच्या आत माणसं दारात जमली. त्या दिवसासाठी मी सकाळीच मुलाण्याकडून दोन बोकड आणून मटणाचा मोठा रस्सा करून ठेवला होता, सगळ्या पैलवानांसाठी. कुणीतरी तो ओतून द्या म्हणालं. गंगूबाई हातात भाकरीचं उलथनं घेऊन दारात उभी राहिली आणि त्यांच्या आईबापांचा उद्धार करत राहिली. धोंडीराम, कासिम आणि खानसाहेब मागच्या दारानं आत आले. धोंडीरामच्या पाठीला माती तशीच होती. बाहेरून आवाज येत होते, सातारकराला बाहेर काढा, आमचा पैलवान त्यानं उपाशी मारला. आणि ते खोटं होतं असं मला म्हणता येत नव्हतं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. खांद्यावर घोंगडं टाकलेला एक वाळका म्हातारा आत आला. लोकांनी त्याला ओळखलं होतं, आटपाडीकडच्या गाड्यांतून तो आला होता. धोंडीरामचा बाप. त्याच्या हातात एक कोरा फेटा होता, लेकासाठी आणलेला. सगळे पुढं सरकले, आता हा काय करतो ते बघायला. धोंडीरामनं मान खाली घातली.

म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, "ह्योच का रं त्यो, ज्याच्यासंगं जेवत हुतास?"

धोंडीराम व्हय म्हणाला.

म्हातारा कासिमपुढं गेला. कासिम एवढा उंच की त्याला खाली बसावं लागलं. म्हाताऱ्यानं सावकाश, एकेक पेच नीट बसवत, तो फेटा त्याच्या डोक्याला बांधला. मग दारातल्या गर्दीकडं एकदा बघितलं. मग माझ्याकडं वळला. मी हात जोडून उभा होतो, आता जे काय बोलेल ते ऐकून घ्यायचं असं ठरवून.

तो म्हणाला, "नाना, माज्या लेकाला वाढा आता. लय दिस उपाशी हाय त्यो."

 मी परात घेतली. गंगूबाईनं भाकरी टाकल्या, मी रस्सा ओतला. निम्मा जमिनीवर सांडला, आणि मला तो पुसायचंही भान नव्हतं. धोंडीराम मातीच्या पाठीनं तसाच बसला आणि जेवायला लागला. म्हातारा त्याच्यासमोर मांडी घालून बसला, आणि लेकाचं पोट भरेपर्यंत तिथून हलला नाही.